फ्लाय लाईन पुन्हा पुन्हा तडकते? आधी टेप घ्या, गोंद नंतर

फ्लाय लाईन, म्हणजे फ्लाय (पिसं-धाग्याची नकली माशी) लावून मासे धरताना रॉडने फेकायची जाड दोरी, तडकते, गोंद लावून ती नीट केली जाते, काही दिवस बरी चालते आणि मग पुन्हा तिथंच, नाहीतर तिथून वीतभर अंतरावर भेग पडते. मग माणूस गोंदाला नावं ठेवतो आणि दुसरा गोंद आणतो. शेवटी वैतागून लाईनच बदलतो, आणि पुढच्या मोसमात नवी लाईनही त्याच जागी जाते. असं झालं की समजावं, दोष गोंदात नव्हता आणि बहुतेक वेळा लाईनमध्येही नव्हता. लाईनला कोणीतरी रोज एकाच ठिकाणी मारतंय. ते कोण, हे शोधायला टोकापासून भेगेपर्यंतचं अंतर मोजणं पुष्कळदा पुरेसं असतं.

लाईनची रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आत नायलॉनचा गाभा असतो, विणलेला किंवा एकसंध तारेसारखा. ओढ सहन करतो तो हा गाभा. त्याच्यावर पीव्हीसीचं किंवा पॉलियुरेथेनचं जाड कोटिंग असतं. लाईनला वजन, जाडी आणि उतार (टोकाकडे बारीक होत जाणारा आकार) मिळतो तो या कोटिंगमुळे. तरंगणाऱ्या लाईनच्या कोटिंगमध्ये सूक्ष्म पोकळ गोळ्या मिसळलेल्या असतात, बुडणाऱ्या लाईनमध्ये टंगस्टनची पूड. त्यामुळे कोटिंगला भेग पडली म्हणजे लाईन लगेच तुटेल असं नाही. पण भेगेतून पाणी विणलेल्या गाभ्यात शिरतं, तरंगणारं टोक बुडायला लागतं, आणि त्या जागी लाईन कडक किंवा ढिली होऊन कास्टमध्ये, म्हणजे फेकताना, मोडते. एकदा मोडायला लागली की प्रत्येक कास्टला तिथंच मोडते आणि भेग वाढत जाते.

आधी तपासणी

गच्चीवर किंवा लांब पॅसेजमध्ये स्वच्छ चादर टाकून लाईन पसरा. कोमट पाण्यात हात धुण्याचा सौम्य साबण थोडासा घालून मऊ फडक्याने सगळी लाईन पुसून काढा. भांड्यांचं लिक्विड नको, ते कोटिंगमधला तेलकट अंश काढून घेतं. नाशिकजवळच्या गंगापूर किंवा मुकणे धरणाच्या काठावर उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की जो बारीक गाळ उघडा पडतो, तो लाईनला चिकटून राहतो. शहराच्या खालच्या अंगाला गोदावरीत पाणवेलीजवळ कास्ट केलं असेल तर चिकट थर बसतो तो वेगळाच. हा थर निघाल्याशिवाय भेगा दिसत नाहीत. निम्म्या वेळा असंही होतं की टोक बुडतंय म्हणून तक्रार असते, आणि लाईन धुतल्यावर ते छान तरंगतं.

मग मोबाइलचा टॉर्च लावून लाईन पेन्सिलीवरून वाकवत पुढे सरकवा. भेग असेल तर ती वाकवल्यावर तोंड उघडते. आत काळपट दिसली तर जुनी, मळ भरलेली. पांढरी दिसली तर ताजी. प्रत्येक भेगेचं टोकापासूनचं अंतर कागदावर लिहा. भेग गोल आहे, लांबट आहे, की एका बाजूने टवका उडालाय, हेही लिहा. हा कागद फेकू नका, पुढच्या वर्षी कामाला येतो.

टोकापासून पहिल्या फुटातली भेग

हे सगळ्यात जास्त आढळतं आणि सगळ्यात सोपं. लीडर (लाईन आणि फ्लाय यांच्यामधली बारीक तार) जोडायला नेल नॉट (नळीच्या आधाराने वेढे घालून मारायची गाठ) मारली असेल तर गाठीची तार कोटिंगमध्ये रुतते आणि गाठीच्या कडेला कोटिंग कापलं जातं. कारखान्यातून आलेला वेल्ड केलेला लूप असेल तर लूप जिथे संपतो तिथे जाड भाग आणि बारीक भाग यांची सीमा असते. वाकण्याचा सगळा ताण त्या सीमेवर येतो. त्यातून आणखी एक सवय: घाईत लीडर न लावता नुसती लाईन हवेत फिरवून बघणं. चाबकासारखं टोक फटकन वाजतं आणि कोटिंग फुटतं.

इथे दुरुस्तीपेक्षा कापणं बरं. खराब झालेले दोन-तीन इंच सरळ कापून टाका. लाईनच्या टोकाला साधारण सहा इंच ते एक फूट एकाच जाडीचा भाग मुद्दाम ठेवलेला असतो, तो अशा कापाकापीसाठीच. त्यापलीकडे पाच-सहा फूट कापावे लागले तर मात्र बारीक उतार जातो, लाईन पाण्यावर धपकन पडते आणि मासा बिचकतो.

कापल्यावर नवा लूप. यासाठी तीन रस्ते आहेत आणि माझी पसंती दुसऱ्याला आहे, पण पहिला दिसायला देखणा, म्हणून आधी तो.

इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही दुकानात श्रिंक स्लीव्ह (तापवली की आकसणारी नळी) मिळते. अडीच-तीन मिलिमीटरची, पारदर्शक, आतून गोंद नसलेली घ्या. लाईनचं टोक तिरकं कापा, दोन सेंटिमीटर दुमडून लूप करा, दोन्ही पदरांवर स्लीव्हचा तुकडा चढवा आणि केस सरळ करायच्या मशीनमध्ये दाबून तापवा. घरात ते मशीन ज्यांचं आहे त्यांना आधी विचारा. सर्वांत कमी तापमानापासून सुरुवात करा. आधी कापलेल्या तुकड्यावर प्रयोग करा, कारण पॉलियुरेथेनचं कोटिंग पीव्हीसीपेक्षा वेगळ्या तापमानाला वितळतं आणि दोन कंपन्यांच्या लाईनी सारख्या वागत नाहीत. दोन पदर एकजीव दिसले की मशीन बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, मग ब्लेडने स्लीव्ह उभी चिरून काढा. लायटरची ज्योत अजिबात नको. नायलॉन 220 अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो. ज्योत त्याच्या कितीतरी पुढे असते, त्यामुळे वरून लूप झकास दिसतो आणि आत गाभा जळालेला असतो.

दुसरा रस्ता धाग्याचा. टोक दुमडायचं आणि दोन्ही पदरांवर फ्लाय बांधायच्या धाग्याने किंवा मोती ओवायच्या बारीक नायलॉन धाग्याने घट्ट, शेजारी शेजारी वेढे घालायचे. धागा कोटिंगमध्ये किंचित रुतला पाहिजे. सेंटिमीटरभर वेढे झाले की टोक आत ओढून घ्या आणि वरून लवचिक गोंदाचा पातळ थर द्या. कोटिंग कुठलंही असो, हा लूप धरतो, आणि काही बिघडलं तर काठावर बसून पुन्हा करता येतो. तिसरा रस्ता म्हणजे दुमडलेल्या टोकावर जाड मोनोच्या (एकसंध नायलॉन तारेच्या) दोन नेल नॉट. नळी म्हणून संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचा तुकडा चालतो. काम पक्कं होतं, पण रिंगांतून जाताना गाठी खटखट वाजतात.

लूप झाला की पेन्सिल अडकवून जोरात ओढून बघा. सुटायचा असेल तर घरीच सुटू द्या. आणि उरलेलं उघडं टोक गोंदाने बंद करा. तिथून पाणी आत गेलं की तरंगणारं टोक पुन्हा बुडणार.

तीस ते चाळीस फुटांवरची भेग

वेट फॉरवर्ड लाईनचा जाड भाग, म्हणजे हेड, बहुतेक लाईनींत 30 ते 40 फुटांत संपतो. पुढे बारीक रनिंग लाईन सुरू होते. भेगा नेमक्या या सांध्यावर गोल गोल पडल्या असतील तर कारण आपल्या हातात आहे, अक्षरशः. लांब फेकायच्या नादात हेड रॉडच्या टोकाच्या बाहेर पार पुढे जातं आणि हवेत मागे-पुढे करताना बारीक लाईनवर जाड लाईनचा सगळा भार लोंबकळतो. बारीक लाईनला तो भार पेलवत नाही, सांध्यावर ती मोडते. धरणाच्या मोकळ्या काठावर, समोर दूर तिलापियाची हालचाल दिसते तेव्हा हा मोह आवरत नाही, हे मान्य. पण तिथे गोंद कितीही लावा, दुसऱ्या रविवारी तुम्ही परत तेच करणार आणि लाईन परत तिथंच जाणार.

उपाय फुकटचा आहे. हेड संपतं तिथे काळ्या परमनंट मार्करने बोटभर पट्टा काढा. फॉल्स कास्ट करताना, म्हणजे लाईन पाण्यावर न टाकता हवेत मागे-पुढे करताना, पट्टा रॉडच्या टोकापासून फार तर दोन-तीन फूट बाहेर, त्यापुढे नाही. बाकीची लाईन सोडताना आपोआप ओढली जाते.

या जागेच्या भेगा अजून बारीक असतील, गाभा दिसत नसेल, तर दुरुस्ती होते. लाईन धुऊन रात्रभर वाळवा. भेगेच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर लवचिक यूव्ही रेझिन नखाने चोळून लावा, लाईन दोन बोटांत फिरवत राहा म्हणजे थेंब जमणार नाही, आणि यूव्ही टॉर्चने कडक करा. एम.जी. रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे काच चिकटवायला असाच टॉर्च असतो, ओळख असेल तर दोन मिनिटं मिळतो. रेझिन घेताना ‘लवचिक’ असं लिहिलंय ना हे पाहा. फ्लायच्या डोक्यावर लावतात ते काचेसारखं वाळणारं रेझिन इथे चालत नाही. रेझिन नसेल तर रबरावर आधारित, बूट चिकटवायचा गोंद एकदम पातळ लावला तरी भागतं. फेव्हिक्विकच्या जातीचा, म्हणजे सायनोअॅक्रिलेट गोंद मात्र लाईनच्या मध्यात कधीच नको. तो कडक वाळतो. जिथे लाईन वाकायला हवी तिथे ती वाकत नाही, आणि मग गोंदाच्या दोन्ही कडांना दोन नव्या भेगा पडतात. एकाच जागी पुन्हा पुन्हा तडकण्याच्या तक्रारींत अशी सोय केलेली लाईन बरेचदा सापडते.

गाभाच तुटला असेल आणि तो हेडमध्ये तुटला असेल तर जोडाजोडीच्या फंदात पडू नका. रनिंग लाईनमध्ये तुटला असेल तर कोटिंग इंच-दीड इंच खरवडून, गाभे एकमेकांवर ठेवून, धाग्याचे वेढे आणि लवचिक गोंद असं करता येतं. पीव्हीसीचं कोटिंग अॅसिटोनमध्ये बुडवलं की मऊ होऊन निघतं. नेलपॉलिश रिमूव्हर घेत असाल तर त्यात अॅसिटोन आहे का ते वाचा, आता बऱ्याच बाटल्यांत नसतो. सांधा रिंगांत अडखळतो, तेवढं सोसावं लागतं.

तुमची लाईन डबल टेपर असेल तर यातलं काहीच करायची गरज नाही. ती दोन्ही टोकांना सारखी असते. बॅकिंगपासून (रीळावर लाईनच्या मागे जोडलेली बारीक दोरी) सोडवा, उलटी गुंडाळा, आणि न वापरलेलं टोक पुढे आलं.

ठरलेली जागा नसलेल्या जखमा

एका बाजूने लांबट खरवडलेलं, मधेच टवका, कुठेतरी चपटं झालेलं. अशा खुणा असतील तर अंतरापेक्षा आकार जास्त बोलतो.

लांबट खरवडा सलग काही फूट असेल तर पहिला संशय रॉडच्या टोकाच्या रिंगवर घ्या. कान साफ करायची इअरबड प्रत्येक रिंगमधून फिरवा. कापसाचे तंतू अडकले की तिथे खाच पडली. गाळाचे कण घेऊन लाईन दिवसभर त्या रिंगवर घासते, धातू झिजतो, मग झिजलेली धार लाईन कापते. टोकाची रिंग गरम गोंदाने चिकटवलेली असते, तापवून काढता येते आणि त्याच मापाची नवी बसवता येते. रिंग न बदलता लाईन दुरुस्त करणं म्हणजे श्रम वाया. हीच इअरबड रीळाच्या कडेवरूनही फिरवा. स्पूल (लाईन गुंडाळलेली फिरणारी चकरी) आणि फ्रेम यांच्या फटीत बारीक लाईन शिरते आणि चिमटली जाते. तो डाग चपटा आणि दोन्ही बाजूंनी दबलेला असतो.

छोटा, तिरका, व्ही आकाराचा टवका पहिल्या काही मीटरांत दिसला तर तो गळाचा. जड डोळ्यांची फ्लाय पुढच्या कास्टला लाईनवर आदळते. वारा अंगावर असेल तेव्हा हे हमखास घडतं. फेकताना लाईनचा हवेत होणारा लूप थोडा मोठा करा किंवा हलकी फ्लाय लावा.

आपल्याकडचा दगड काळा, खरबरीत बसाल्ट. दारणेच्या किंवा वैतरणेच्या काठावर सैल लाईन दगडांवर पडू दिली आणि वरून बूट ठेवला की काम तमाम. सैल लाईन ठेवायला कमरेला बांधायची स्ट्रिपिंग बास्केट महाग वाटत असेल तर प्लॅस्टिकचं टब पट्ट्याने बांधा, हसणारे हसतील. संक्रांतीनंतर काठच्या बाभळींवर, झुडपांवर मांजाचे तुकडे लटकत असतात. मागच्या कास्टला लाईन त्यात गेली तर काचेचा मांजा कोटिंग सोलून काढतो. अडकली असेल तर ओढू नका, जाऊन सोडवा. आणि मांजा तिथून काढूनच आणा, लाईनपेक्षा पक्ष्यांसाठी.

सगळीकडेच भेगा

मे महिन्यातल्या कोरड्या शेतासारख्या भेगा लाईनभर, बोटांत फिरवली की पावडर येते, हाताला चिकट किंवा अगदी कोरडी लागते. ही लाईन संपली. गोंद, ड्रेसिंग, काहीही लावू नका. पण का संपली ते शोधा.

पीव्हीसी मऊ राहावा म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घातलेला असतो. ऊन आणि उष्णता तो हळूहळू बाहेर काढतात. एप्रिलमध्ये धरणाजवळ उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत रीळ डॅशबोर्डवर ठेवून जेवायला गेलात, तर एका मोसमाचं आयुष्य काही आठवड्यांत जातं. डास पळवणाऱ्या मलमातला डीट हा दुसरा शत्रू. डीट प्लॅस्टिक विरघळवतं. संध्याकाळी काठावर बसताना मलम लागतंच, पण ते तळहाताला लागू देऊ नका. मनगटाच्या मागच्या बाजूने चोळा, बोटं धुवा, मगच लाईन हातात घ्या. ट्यूबवर घटक छापलेले असतात. सनस्क्रीन आणि पेट्रोलचंही तेच. आणि एक खास आपल्याकडची गोष्ट: द्राक्षबागेत सकाळी फवारणी करून तसंच दुपारी धरणावर येणारे आहेत. ईसी प्रकारच्या (पाण्यात मिसळायच्या तेलकट) औषधांत सॉल्व्हंट असतं, ते कोटिंगला चालत नाही. जेवण्याआधी जसे हात धुता तसेच लाईनआधी धुवा.

नवी लाईन घेताना

नाशिकचं हवामान लाईनवाल्यांना त्रास देणारं आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, आणि जानेवारीत निफाडकडे पहाटे तो एक आकड्यात उतरतो. थंड प्रदेशातल्या ट्राउटसाठी केलेली मऊ लाईन आपल्या उन्हाळ्यात चिकट आणि लुळी पडते. रिंगांना चिकटते, पुढे जात नाही, म्हणून आपण जोर लावतो आणि मग सांध्यावर मोडते. ट्रॉपिकल लाईनचं कोटिंग कडक, गाभा बहुधा एकसंध तारेचा, ती उन्हात नीट चालते. हिवाळ्यातल्या पहाटे मात्र तीच रीळावरून निघताना वेटोळी घेऊन निघते, वेटोळ्यांवर पाय पडतो, गाठी बसतात. दोन लाईनी परवडत असतील तर प्रश्नच नाही. एकच घ्यायची तर ट्रॉपिकल घ्या आणि थंडीत कास्ट करण्याआधी दोघांनी टोकं धरून लाईन ताणून घ्या. एकटे असाल तर झाडाच्या बुंध्याला दोरीचा फास करून त्यात लूप अडकवा. लाईन सालीवर घासू नका.

जुन्या लाईनचा नंबर (वजनाचा वर्ग) विसरला, खोका हरवला, असं नेहमी होतं. टोकाचा एकाच जाडीचा भाग सोडून पुढचे 30 फूट, म्हणजे 9.14 मीटर, वेगळे गुंडाळून वजन करा. 5 नंबरच्या लाईनला 140 ग्रेन, म्हणजे सुमारे 9.1 ग्रॅम, 6 नंबरला 160 ग्रेन, 10.4 ग्रॅम, 8 नंबरला 210 ग्रेन, 13.6 ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा इतकं बारीक दाखवत नाही. सराफ बाजारात ओळखीचा सराफ असेल तर त्याच्या काट्यावर दोन मिनिटांचं काम आहे. वजन छापील आकड्यापेक्षा थोडं इकडेतिकडे निघालं तर घाबरू नका, बऱ्याच कंपन्या मुद्दाम अर्धा नंबर जड लाईन बनवतात. वजन खूपच कमी आलं तर मोजताना चुकलंय का, ते पाहा. टोक कापलेली लाईन उलट जड भरते, कारण बारीक भाग गेलेला असतो.

नवी लाईन भरताना ती ज्या स्पूलवर आली त्यावर ‘हे टोक रीळाकडे’ असा कागद चिकटवलेला असतो, तो वाचूनच बॅकिंग जोडा. वेट फॉरवर्ड उलटी भरली तर कास्टच होत नाही, आणि लोक लाईन खराब निघाली म्हणून परत करायला निघतात. भरताना दुसऱ्या कोणाला तरी स्पूल मधून पेन्सिल घालून धरायला सांगा, म्हणजे ती फिरत सुटेल आणि पीळ पडणार नाही. मार्करचा पट्टा हेडच्या शेवटी त्याच दिवशी काढा.

धरणांवर मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, जाण्याआधी विचारून घ्या. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, तिथे रॉड गाडीतच राहू दे.

जुनी लाईन फेकायची नाही. गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधून ती गवतावर सरावाला वापरा, डांबरावर किंवा मुरमावर तीही नको. नवी लाईन मात्र सरावाला गवतावरही काढायची नाही. टोकाचं कोटिंग घासलं जातं.